वायफायवरचा कॉल पुन्हा पुन्हा अडखळतो: एअरटाइमचा हिशोब मांडून दोष कसा शोधायचा

तक्रारीचे शब्द ठरलेले असतात. नेटला स्पीड भरपूर आहे, स्पीड टेस्टचा आकडा छान येतो, व्हिडिओ बघताना काही त्रास नाही; पण कॉल सुरू झाला की आवाज तुटतो, समोरच्याचे अर्धे वाक्य गायब होते, चित्र थिजते. अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे उपकरण) रीस्टार्ट केला की सुधारते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. चॅनेल बदलला की सुधारते आणि पुन्हा तेच. शेवटी जास्त स्पीडचा प्लॅन घेतला जातो, आणि त्यानेही फरक पडत नाही.

रीस्टार्टने बरे वाटण्याची कारणे साधी आहेत. सगळी उपकरणे क्षणभर सुटतात, साचलेल्या रांगा रिकाम्या होतात, ऑटो चॅनेल असेल तर दुसरा चॅनेल निवडला जातो, आणि प्रत्येक उपकरणाचा डेटा रेट नव्याने ठरतो. लक्षण जाते, पण त्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून पहिली विनंती ही, की दोष चालू असताना रीस्टार्ट करू नका. मोजमाप नेमके त्याच वेळी करायचे असते.

या विषयात माझा आग्रह एकच आहे. वायफाय हे सामायिक माध्यम आहे. एका चॅनेलवर एका वेळी साधारणपणे एकानेच बोलायचे असते, त्यामुळे तिथे वाटून घेतली जाते ती वेळ, म्हणजेच एअरटाइम. हिशोब वेळेच्या मापात मांडला की दोष कागदावर दिसतो. मेगाबिटमध्ये मांडला तर कितीही बारकाईने बघा, तो दिसत नाही. खाली जे मॉडेल मांडले आहे त्याला एक स्प्रेडशीट पुरते.

दोष केव्हा येतो ते आधी लिहा

कुठलेही टूल उघडण्याआधी दोषाच्या वेळा टिपून ठेवा. बहुतेक दोष आपले वेळापत्रक स्वतःच सांगतात.

आवाज ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा, अर्धा-एक सेकंद जात असेल तर संशय स्कॅनिंगवर घ्या. उपकरण दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट शोधायला किंवा लोकेशन ठरवायला आपला चॅनेल सोडून बाकीच्या चॅनेलांवर फेरी मारून येते, आणि तेवढ्या वेळात आलेली पॅकेट रांगेत पडून राहतात. इथे क्यूओएसच्या, म्हणजे पॅकेटांना प्राधान्य देण्याच्या, कुठल्याही सेटिंगचा उपयोग नाही. त्या उपकरणाच्या रोमिंगच्या आणि बॅकग्राउंड स्कॅनच्या सेटिंग बघायच्या.

कोणी फाइल अपलोड करत असताना, बॅकअप किंवा फोटो सिंक चालू असतानाच दोष येत असेल तर तो रांगेचा दोष आहे. दिवसाच्या ठरावीक वेळी येत असेल तर चॅनेल शेजारच्या नेटवर्कांसह भरला आहे. एकाच जागी बसल्यावर येत असेल तर सिग्नल किंवा हिडन टर्मिनल, म्हणजे एकमेकांना ऐकू न येणारी उपकरणे.

एक प्रकार मात्र फसवा आहे. उपकरण शांत असताना पिंग (छोटे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) ५० ते १०० मिलिसेकंद येतो आणि मोठे डाउनलोड सुरू केले की तोच पिंग चक्क सुधारतो. हे पॉवर सेव्हचे काम. उपकरण डुलकी घेते, आणि आपल्यासाठी काही आले आहे का हे त्याला बीकनमधून, म्हणजे नेटवर्कची ठरावीक अंतराने होणाऱ्या घोषणेतून, कळते. बीकनचे नेहमीचे अंतर १०२.४ मिलिसेकंद असते, तेवढाच हा विलंब. भार वाढल्यावर जो दोष कमी होतो त्याला गर्दी कारणीभूत नसते. त्यामुळे पॉवर सेव्ह बंद करून पिंग पुन्हा घ्या आणि मगच पुढचे मोजमाप करा, नाहीतर सगळे आकडे गढूळ होतात.

दोन पिंग आणि एक वायर

दोष चालू असताना एकाच लॅपटॉपवरून दोन पिंग चालू ठेवा: एक अ‍ॅक्सेस पॉइंटला वायरने जोडलेल्या एखाद्या मशीनला, दुसरा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. राउटरलाच पिंग करण्यापेक्षा त्यामागच्या मशीनला केलेला बरा, कारण कामात असलेला राउटर स्वतःच्या पिंगला उत्तर द्यायला चालढकल करतो. जमल्यास वायरवरच्या मशीनवरूनही बाहेरचा पिंग लावून ठेवा.

आतला पिंग काही मिलिसेकंदांवर स्थिर आणि बाहेरचा शेकड्यांत गेला, तर रांग वायफायवर नाही. ती मोडेमच्या अपलिंकवर, म्हणजे बाहेर पाठवण्याच्या बाजूला, साचते आहे. याचे गणित छोटे आहे. रांगेत १,००० पॅकेट मावतात असे धरा, प्रत्येक १,५०० बाइटचे. म्हणजे १ कोटी २० लाख बिट. अपलिंक सेकंदाला १० मेगाबिटची असेल तर ही रांग उपसायला १.२ सेकंद लागतात, आणि त्या रांगेच्या शेपटाशी आलेल्या आवाजाच्या पॅकेटला तेवढे थांबावेच लागते. यालाच बफरब्लोट म्हणतात. यावर उपाय वायफायच्या सेटिंगमध्ये शोधू नका. राउटरवर अपलिंकचा वेग प्रत्यक्षापेक्षा थोडा खाली बांधा, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये राहते, आणि तिथे एफक्यू-कोडेल हा रांग सांभाळणारा अल्गोरिदम लावा. कोडेल हा अल्गोरिदम २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडला. त्याचे एफक्यू-कोडेल हे रूप २०१८ च्या आरएफसी ८२९० या इंटरनेट दस्तऐवजात आले. पॅकेट रांगेत किती वेळ थांबले यावर तो लक्ष ठेवतो, रांग किती लांब आहे यावर नाही.

आतलाच पिंग उसळत असेल तर पुढे वाचा. त्या पिंगची सरासरी काढू नका. आवाजाच्या कॉलमध्ये साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट जाते, सेकंदाला ५०. त्यातले एक टक्का उशिरा आले तरी दर दोन सेकंदांना एक पॅकेट वाया जाते. म्हणून बघायचे ते ९५ वे आणि ९९ वे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली ९५ किंवा ९९ पॅकेट ज्या वेळेच्या आत येतात ती वेळ. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत तोंडापासून कानापर्यंतचा एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितले आहे. त्यातून कोडेक (आवाजाचे डेटात रूपांतर करणारा भाग), जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेट सारखी करणारा साठा) आणि बाहेरचे नेटवर्क यांचा वाटा वजा केला की वायफायच्या पदरात थोडेच मिलिसेकंद उरतात.

एका पॅकेटला हवेत किती वेळ लागतो

आता मॉडेलचा पाया. ८०२.११बी या जुन्या वायफाय मानकापासून सुरुवात करतो, कारण तिथे आकडे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. जी.७११ कोडेकचा कॉल ६४ किलोबिटचा, दोन्ही दिशा धरून १२८. लिंक ११ मेगाबिटची. भागाकार केला तर ८५ कॉल बसायला हवेत.

प्रत्यक्षात एक पॅकेट हवेत जाताना काय होते ते बघा. आधी चॅनेल ५० मायक्रोसेकंद शांत असल्याची खात्री. मग बॅकऑफ, म्हणजे टक्कर टाळायला यादृच्छिक थांबणे: ० ते ३१ मधली एक संख्या, सरासरी १५.५ स्लॉट, प्रत्येक २० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ३१०. मग लांब प्रिअँबल (घेणाऱ्याला सावध करणारा सुरुवातीचा भाग) १९२. मग मजकूर: १६० बाइट आवाज, त्यावर सगळे हेडर धरून सुमारे २३६ बाइट, ११ मेगाबिटने १७२ मायक्रोसेकंद. मग १० चा छोटा विराम, आणि पोच देणारी फ्रेम (हवेतून एका वेळी जाणारा संदेश) तिच्या प्रिअँबलसह सुमारे २५०. बेरीज जवळजवळ एक मिलिसेकंद. एका कॉलची दोन्ही दिशांची मिळून सेकंदाला १०० पॅकेट, म्हणजे एका कॉलला सेकंदातले १०० मिलिसेकंद. दहाव्या कॉलला चॅनेल भरला. ८५ नव्हे, १० च्या आसपास.

नव्या मानकांनी हा प्रश्न सुटला असे वाटते, पण सुटलेला नाही. ३०० मेगाबिटच्या लिंकवर तेच पॅकेट एकटे पाठवले तर मजकुराला ८ मायक्रोसेकंदही लागत नाहीत. बाकीचे विराम, बॅकऑफ, प्रिअँबल आणि पोच मिळून सुमारे २०० मायक्रोसेकंद जातातच. लिंकचा वेग दुप्पट केला तरी त्या २०० मधले चारच वाचतील. जास्त स्पीडचा प्लॅन किंवा महागडा अ‍ॅक्सेस पॉइंट घेऊनही कॉल का सुधारत नाही, याचे उत्तर या बेरजेत आहे. मोठ्या डाउनलोडला फ्रेम एकत्र बांधण्याचा, म्हणजे अ‍ॅग्रिगेशनचा, फायदा मिळतो, म्हणून स्पीड टेस्ट उत्तम येते. आवाजाचे पॅकेट २० मिलिसेकंदांना एक या चालीने येते, त्याच्यासोबत बांधायला दुसरे काही नसते.

हाच हिशोब बीकनला लावा. ३०० बाइटचे बीकन १ मेगाबिटने पाठवले तर सुमारे २.६ मिलिसेकंद खाते, दर १०२.४ मिलिसेकंदांना. म्हणजे प्रत्येक नेटवर्क नावामागे अडीच टक्के एअरटाइम. एकाच चॅनेलवर ऐकू येणारे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आणि प्रत्येकावर चार नावे असतील तर १२ बीकन, ३० टक्के वेळ कोणी काही न करताच संपला. ही गोष्ट इतक्या ठिकाणी दुर्लक्षित राहते की मी तिच्याकडे सर्वांत आधी बघतो.

तिसरी बेरीज मंद उपकरणाची. मूळ नियम प्रत्येकाला बोलायची समान संधी देतो. समान वेळ देत नाही. एक लॅपटॉप ५४ मेगाबिटवर, दुसरा दूरच्या खोलीत ६ वर. १,५०० बाइटच्या फ्रेमला पहिल्याला २२२ मायक्रोसेकंद लागतात, दुसऱ्याला २,०००. आळीपाळीने एकेक फ्रेम गेली तर ओव्हरहेड सोडूनही दोघांना ५.४ मेगाबिटच मिळतात. वेगवान लॅपटॉप मंदाच्या पातळीवर येतो. ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये हा प्रकार ८०२.११बी मधली विसंगती म्हणून दाखवून दिला. वेळ समान वाटली तर त्याच दोघांना २७ आणि ३ मेगाबिट मिळतात. मंदाचे थोडे जाते, पण चॅनेल मोकळा होतो. अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये एअरटाइम फेअरनेस असा पर्याय असेल तर तो याच कामाचा.

चॅनेल किती भरला आहे ते मोजा

लिनक्सवर आयडब्ल्यू या टूलचा सर्व्हे डंप प्रत्येक चॅनेलसाठी वेळेचे आकडे देतो: किती वेळ ऐकले, त्यातला किती वेळ चॅनेल बिझी होता, किती स्वतःच्या पाठवण्यात गेला आणि किती घेण्यात. ड्रायव्हरने हे आकडे दिले पाहिजेत, ही अट आहे. हे आकडे साठत जाणारे असतात, म्हणून दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करा. १०,००० मिलिसेकंदांत ७,८०० बिझी आले तर चॅनेल ७८ टक्के भरला आहे. बिझीमधून स्वतःचे पाठवणे आणि घेणे वजा केले की उरते ते परक्यांचे आणि गोंगाटाचे. हा उरलेला भाग मोठा असेल तर आपल्या घरातली कुठलीही क्यूओएस सेटिंग तो कमी करणार नाही. चॅनेल बदलायचा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जायचे. अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट हाच भार बीकनमध्ये ० ते २५५ या मापात जाहीरही करतात.

२.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ सोडून मधला चॅनेल घेण्याचा मोह होतो, कारण तो रिकामा दिसतो. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर वायफायचे प्रिअँबल ओळखू आले तर रेडिओला उणे ८२ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप) क्षीण सिग्नलही ऐकून थांबावे लागते. शेजारच्या चॅनेलवरचे अर्धवट सिग्नल मात्र प्रिअँबल म्हणून ओळखू येत नाहीत. मग थांबण्याची मर्यादा उणे ६२ वर जाते. त्यामुळे चॅनेल ३ वरचा अ‍ॅक्सेस पॉइंट १ आणि ६ वाल्यांसाठी थांबत नाही, तेही त्याच्यासाठी थांबत नाहीत, आणि सगळे एकमेकांच्या फ्रेम खराब करतात. एकाच चॅनेलवर रांगेत उभे राहणे यापेक्षा पुष्कळ बरे.

७८ टक्के भरला तर बिघडले काय?

२२ टक्के जागा शिल्लक आहे, मग कॉल का तुटतो, हा प्रश्न हमखास येतो. इथे रांगेचे मॉडेल लागते, आणि माझ्या मते सगळ्या विषयातला हा सर्वांत उपयोगी भाग आहे.

धरा की हवेतल्या ९० टक्के फ्रेमना ०.२ मिलिसेकंद लागतात आणि १० टक्के फ्रेम या बांधलेल्या मोठ्या डाउनलोडच्या, ५ मिलिसेकंदांच्या. हा आकडा अवास्तव नाही, ८०२.११एन पासून एका प्रक्षेपणाची कमाल मर्यादा ५.४८४ मिलिसेकंद आहे. सरासरी सेवाकाळ ०.६८ मिलिसेकंद झाला. पण प्रतीक्षा सरासरीवर ठरत नाही. रांगेच्या गणितातल्या पोलाचेक–खिंचिन सूत्रानुसार ती सेवाकाळाच्या वर्गाच्या सरासरीवर ठरते, आणि इथे तो आकडा २.५४ आहे, जवळजवळ सगळा त्या १० टक्के मोठ्या फ्रेममुळे. सूत्रात आकडे घातले की चॅनेल ५० टक्के भरलेला असताना सरासरी प्रतीक्षा १.९ मिलिसेकंद येते, ८० टक्क्यांना ७.५, आणि ९५ टक्क्यांना ३५. सगळ्या फ्रेम सारख्या असत्या तर ८० टक्क्यांना दीड मिलिसेकंदही लागले नसते.

ही झाली सरासरी. जड भारात प्रतीक्षेचे वितरण घातांकी आकार घेते, त्यामुळे ९९ वे पर्सेंटाइल सरासरीच्या साधारण ४.६ पट जाते. ९५ टक्के भाराला म्हणजे १६० मिलिसेकंदांच्या पुढे. कॉल तिथेच तुटतो. आणि याच वक्रामुळे हा दोष पुन्हा पुन्हा येतो-जातो: ८० ते ९५ या पट्ट्यात थोडासा भार वाढला की प्रतीक्षा अनेक पटींनी चढते, आणि एखाद्याने डाउनलोड थांबवले की सगळे आपोआप ठीक होते. बघणाऱ्याला वाटते दोष लहरी आहे. तो लहरी नाही. तो वक्राच्या उभ्या भागावर उभा आहे.

यातून एक कामाची गोष्ट निघते. भार कमी करता येत नसेल तर लांब फ्रेम छोट्या करा. ज्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर साध्या डेटाच्या बांधणीची वेळमर्यादा ठरवता येते तिथे ती ५ वरून १–२ मिलिसेकंदांवर आणली की एकूण वेग थोडा घटतो, पण प्रतीक्षेची शेपटी चांगलीच आखडते.

बियांकीचे मॉडेल कुठवर खरे

या विषयाचा अभ्यास करणारा प्रत्येकजण ज्युसेपे बियांकी यांच्या, वायफायमधल्या टकरींच्या, २००० सालच्या मॉडेलपाशी येतोच. त्यात दोन अज्ञात शक्यता आहेत: एखादे स्टेशन दिलेल्या स्लॉटमध्ये बोलेल ती, आणि बोलल्यावर टक्कर होईल ती. दुसरी म्हणजे उरलेल्यांपैकी निदान एकजण त्याच स्लॉटमध्ये बोलण्याची शक्यता. पहिली बॅकऑफच्या मार्कोव्ह साखळीतून (एका स्थितीतून दुसरीत जाण्याच्या शक्यतांचा तक्ता) दुसरीच्या आधारे मिळते. दोन्ही एकमेकींत घालत गेले की काही फेऱ्यांत उत्तर स्थिर होते. मॉडेल देखणे आहे आणि त्याच्या अटींत ते अचूक उतरते.

मोजलेले आकडे त्याच्याशी जुळत नाहीत अशी अडचण अनेकांना येते, तेव्हा अटी तपासा. प्रत्येकाकडे सतत पाठवायला पॅकेट आहे, प्रत्येकाला प्रत्येकजण ऐकू येतो, फ्रेम फक्त टकरीनेच हरवते, आणि टकरीची शक्यता पहिल्या प्रयत्नाला जेवढी तेवढीच पुढच्यालाही. आवाजाचा कॉल पहिलीच अट मोडतो. त्याची रांग बहुतेक वेळ रिकामी असते. म्हणून कॉलची स्टेशने या मॉडेलमध्ये संपृक्त, म्हणजे सतत पाठवणारी, म्हणून घातली की उत्तर वास्तवापेक्षा फार वाईट येते. मला उपयोगी पडलेली रीत अशी: जी उपकरणे खरोखर सतत डाउनलोड-अपलोड करतात तीच बियांकीच्या मॉडेलमध्ये घाला, त्यातून हवेतल्या सेवाकाळाचे वितरण काढा, आणि कॉलची पॅकेट वर सांगितलेल्या रांगेच्या सूत्रात त्यावर चढवा.

दुसरी विसंगती अ‍ॅक्सेस पॉइंटची. मॉडेल सगळ्यांना सारखे मानते. दहा कॉल चालू असताना प्रत्येक फोन सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो, अ‍ॅक्सेस पॉइंट ५००. समान संधीच्या नियमाने मात्र त्याला अकरातला एकच वाटा. त्यामुळे आधी बिघडते ती डाउनलिंक, म्हणजे फोनकडे येणारी बाजू, आणि तक्रार अशी येते: त्यांना माझे नीट ऐकू जाते, मला मात्र त्यांचे तुटक येते. ही तक्रार ऐकली की थेट अ‍ॅक्सेस पॉइंटच्या रांगेकडे जा. डब्ल्यूएमएम या वायफायमधल्या प्राधान्याच्या सोयीच्या मूळ सेटिंगमध्ये आवाज आणि व्हिडिओसाठी अ‍ॅक्सेस पॉइंटचा थांबण्याचा अंक १ आणि फोनांचा २ ठेवलेला असतो तो याचसाठी.

तिसरी गोष्ट हिडन टर्मिनलची, जी टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच मांडली होती. दोन उपकरणांना अ‍ॅक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण एकमेकांना ती ऐकू येत नाहीत. मॉनिटर मोडमध्ये (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकण्याच्या अवस्थेत) कॅप्चर घेऊन रिट्राय बिट, म्हणजे फ्रेम पुन्हा पाठवल्याची खूण, बघा. सिग्नल कमकुवत आणि रिट्राय जास्त असेल तर अंतराचा दोष. सिग्नल दणकट असूनही रिट्राय जास्त असेल तर टक्कर. खात्री करायला आरटीएसची (मोठी फ्रेम पाठवण्याआधी परवानगी मागण्याची) मर्यादा ५०० बाइटच्या आसपास आणा. मोठ्या फ्रेमचे रिट्राय लगेच घटले तर हिडन टर्मिनल सापडले. याकडे दुर्लक्ष केल्यास दोष स्वतःला खतपाणी घालतो: टक्कर झाली की वेग ठरवणारे अनेक रेट कंट्रोल अल्गोरिदम सिग्नल खराब समजून वेग उतरवतात, उतरलेल्या वेगाने फ्रेम हवेत जास्त वेळ राहते, जास्त वेळ राहिली की पुन्हा टकरीची शक्यता वाढते.

प्राधान्य दिले तरी फरक नाही

क्यूओएस चालू केले, कॉलला प्राधान्य दिले, तरी दोष तसाच. इथे तीन कारणे सापडतात.

पहिले कारण चिन्हाचे. आवाजाच्या पॅकेटवर सहसा डीएससीपी ४६ हे प्राधान्याचे चिन्ह लावतात. बायनरीत तो १०१११०. वायफायमध्ये शिरताना अनेक उपकरणे त्याचे पहिले तीन बिट उचलून प्राधान्य ठरवतात: १०१ म्हणजे ५. आणि वायफायमध्ये ४–५ हा व्हिडिओचा वर्ग; आवाजाचा वर्ग ६–७. म्हणजे चिन्ह बरोबर लावूनही आवाज व्हिडिओच्या रांगेत जातो. फेब्रुवारी २०१८ च्या आरएफसी ८३२५ मध्ये ४६ चे रूपांतर ६ मध्ये करायला सांगितले आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटवर हा नकाशा बदलता येतो का ते बघा. शिवाय बाहेरून येणाऱ्या पॅकेटवरचे चिन्ह अनेकदा वाटेतच शून्य झालेले असते. त्यामुळे डाउनलिंकसाठी राउटरने कॉलची पॅकेट ओळखून नव्याने चिन्ह लावावे लागते. कॅप्चरमध्ये दोन्ही दिशांच्या फ्रेमचा क्यूओएस कंट्रोल मधला टीआयडी, म्हणजे प्राधान्याचा, अंक वाचा. सेटिंगच्या पानावरचा हिरवा टिक पुरावा म्हणून धरू नका.

दुसरे कारण: प्राधान्य म्हणजे आधी संधी, चालू फ्रेम तोडण्याचा अधिकार त्यात नाही. कोणाची ५ मिलिसेकंदांची फ्रेम चालू असेल तर आवाजालाही ती संपेपर्यंत थांबावे लागते. शेजारच्या नेटवर्कच्या फ्रेमलाही हेच लागू.

तिसरे कारण सगळ्यांनाच प्राधान्य देण्याचे. ईडीसीएमध्ये (वायफायच्या प्राधान्यवर्गांच्या नियमांत) आवाजाचा वर्ग ० ते ३ मधूनच बॅकऑफ निवडतो, साधा डेटा ० ते १५ मधून. पाच उपकरणांनी एकाच वेळी पहिला बॅकऑफ निवडला तर सर्वांत लहान अंक दोघांना किंवा जास्त जणांना येण्याची शक्यता साध्या डेटात १५ टक्के आहे. आवाजाच्या वर्गात ती ५२ टक्के. दहा उपकरणे असतील तर ८१. टकरीनंतर बॅकऑफ ० ते ७ पर्यंतच रुंदावतो आणि तिथे अडतो. आवाजाचा वर्ग थोड्या, छोट्या, विरळ पॅकेटांसाठी आखलेला आहे. त्यात फाइल सिंक, कॅमेरे, स्क्रीन शेअर कोंबले की तो वर्ग साध्या डेटापेक्षाही वाईट चालतो. व्हिडिओला व्हिडिओच्या वर्गात ठेवा आणि आवाजाच्या वर्गात फक्त आवाज.

दुरुस्तीचा क्रम

मी ज्या क्रमाने हात घालतो तो असा, आणि प्रत्येक बदलानंतर तोच पिंग, त्याच वेळी, त्याच जागेवरून. दोन बदल एकत्र करू नका, नाहीतर कशाने सुधारले ते कळत नाही आणि दोष परत आला की पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

आधी अपलिंकची रांग बांधणे. मग एअरटाइम वाचवणे: नको असलेली नेटवर्क नावे काढा, १, २, ५.५ हे जुने रेट बंद करून बीकनचा वेग ६ किंवा १२ मेगाबिटवर न्या, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल २० मेगाहर्ट्झचाच ठेवा, कॉलची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर हलवा. जुने रेट बंद करताना एखादे फार जुने उपकरण जोडले जाणार नाही, हे आधी तपासून घ्या. मग मंद उपकरणे: जवळ आणा, वायर द्या किंवा एअरटाइम फेअरनेस चालू करा. लिनक्सच्या मॅक८०२११ थरात काही ड्रायव्हरांसाठी एफक्यू-कोडेल आणि एअरटाइम फेअरनेस दोन्ही आहेत. तसा फर्मवेअर चालत असेल तर पुष्कळ काम तिथेच होते. प्राधान्य आणि चिन्हे मी यानंतर बघतो, कारण रिकाम्या चॅनेलवर त्यांची गरज कमी आणि भरलेल्या चॅनेलवर त्यांची ताकद कमी.

वायफाय ६ मधले ओएफडीएमए अनेकांची छोटी पॅकेट एकाच प्रक्षेपणात बसवते, त्यामुळे वरच्या २०० मायक्रोसेकंदांच्या हिशोबात खरोखर फरक पडू शकतो. पण त्याला दोन्ही बाजूंचे उपकरण तसे हवे, आणि अ‍ॅक्सेस पॉइंटने ते प्रत्यक्ष वापरले पाहिजे.

एवढे करूनही चॅनेल वर्दळीच्या वेळी ८० टक्क्यांच्या वर राहत असेल तर त्यावर किती कॉल चालू द्यायचे याची मर्यादाच घालावी लागते. ईडीसीएमध्ये त्यासाठी अ‍ॅडमिशन कंट्रोलची सोय आहे, फोन आधी टीस्पेक पाठवून वेळ मागतो. अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा फोन ते मानत नसतील तर हिशोब स्वतः करा: मोजलेला बिझी वेळ, त्यात एका कॉलचा एअरटाइम मिळवत जा, आणि ७०–७५ टक्क्यांना थांबा. ३०० मेगाबिटच्या लिंकवर एका कॉलची १०० पॅकेट, प्रत्येकी ०.२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदातले २० मिलिसेकंद, दोन टक्के. आधीच ५५ टक्के भरलेल्या चॅनेलवर आठ ते दहा कॉल बसतील. त्यापुढच्या कॉलसाठी दुसऱ्या चॅनेलवर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, आणि लावल्यावर दोन्हींचा बिझी वेळ वर्दळीच्या वेळीच पुन्हा मोजा.